शाळेत न गेलेले शास्त्रज्ञ

रेडियममुळे पिएर क्युरी हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८५९ सालचा, पॅरिसचा. लहानपणी ते मंद वाटत. एका विषयात मन गुंतले की दुसरीकडे वळत नसे. डॉक्टर वडिलांनी त्यांना शाळेत न घालता घरीच शिकविले. १८८० साली थोरल्या भावासह त्यांनी दाखवून दिले की, क्वार्ट्झ, रोशेल सॉल्ट अशा स्फटिकांवर दाब दिल्यास वीज उत्पन्न होते. त्याच रोशेल सॉल्टमध्ये १९२० साली फेरोइलेक्ट्रिक गुण सापडला. म्हणजे बाहेरून विद्युतदाब देऊन आतली धन-ऋण टोके उलटविता येतात व ती तशीच राहतात. असे पदार्थ आज सोनोग्राफीत व माहिती साठविणाऱ्या चिपमध्ये आहेत. हे पाहण्यास क्युरी नव्हते. १९०६ साली ते घोडागाडीखाली सापडून वारले. पालकहो, मुलाला मंद म्हणण्यापूर्वी थोडे थांबा.