दहा मीटर पाणी, शहात्तर सेंटीमीटर पारा

बोरगावच्या परिसरातील संत्राबागायतदारांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते: विहिरीतील पाणी फार खाली गेले, की काठावरचा पंप ते ओढू शकत नाही. यंत्र कितीही बलवान असो. या मर्यादेचे कारण ज्याने सांगितले, त्या इव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली या इटालियन गणितज्ञाला अवघे ३९ वर्षांचे आयुष्य लाभले.

त्याचा जन्म १५ ऑक्टोबर १६०८ रोजी झाला. घरची परिस्थिती बेताची. शिक्षणाचा भार मठवासी काकाने उचलला. पुढे रोममध्ये गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याच्याकडे तो गणित शिकला. कोपर्निकसचा अनुयायी असल्याचे त्याने १६३२ मध्ये गॅलिलिओला पत्राने कळविले होते. पुढच्याच वर्षी गॅलिलिओला शिक्षा झाली आणि तोरिचेल्ली खगोलशास्त्राबाबत जाहीरपणे बोलेनासा झाला. या मौनाला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. १६४१ च्या अखेरीस तो अंध, नजरकैदेतील गॅलिलिओच्या सेवेस गेला. तीनच महिन्यांत गुरू निवर्तला आणि तस्कानीच्या ड्यूकने त्याचे पद शिष्याला दिले.

पंपाने पाणी सुमारे दहा मीटरपलीकडे चढत नाही, हे गॅलिलिओला माहीत होते. परंतु पाण्याचा स्तंभ लांब दोरासारखा स्वतःच्याच भाराने तुटतो, असे त्याला वाटे. रोममध्ये बेर्ती याने उंच नळी उभारून पाण्याचा प्रयोग केलाही होता. तोरिचेल्लीने पारा निवडला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून १०.३ मीटर पाण्याऐवजी ७६ सेंटीमीटर पारा पुरतो. (समुद्रकाठी पणजीत हा आकडा बसतो; तीनशे मीटरहून उंच असलेल्या बोरगावात पारा सुमारे तीन सेंटीमीटर खाली राहील.) प्रयोग मित्र विवियानीने केला. खरी हुशारी पुढे होती. दोन नळ्या घेतल्या, त्यांपैकी एकीच्या टोकाला मोठा फुगा. पोकळी पाऱ्याला ओढत असती, तर मोठ्या पोकळीने अधिक ओढले असते. पण दोन्हींत पारा एकाच पातळीवर थांबला. म्हणजे पारा वरून ओढला जात नव्हता, बाहेरच्या हवेचा भार त्याला पेलून धरत होता.

जून १६४४ मध्ये त्याने हे रोममधील मित्र रिच्ची याला पत्राने कळविले, ग्रंथरूपाने मात्र प्रसिद्ध केले नाही. निसर्गात पोकळी असूच शकत नाही, हे तेव्हाच्या विद्यापीठांचे मत होते आणि गुरूचे उदाहरण डोळ्यांसमोर होते.

पुढचे काम फ्रान्सने केले. पास्कालने रुआं येथे पाणी आणि मद्य यांचे उंच स्तंभ लोकांपुढे उभे केले. मद्याची वाफ पोकळी भरील व ते खाली राहील, ही अनेकांची अपेक्षा. हलके असलेले मद्य पाण्याहून किंचित उंच राहिले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालच्या मेहुण्याने प्वी द दोम पर्वतावर नळी नेली. माथ्यावर पारा आठेक सेंटीमीटरने उतरला. तोरिचेल्ली २५ ऑक्टोबर १६४७ रोजीच फ्लॉरेन्समध्ये वारला होता.