विमाने चिकटवणारा माणूस : डॉ. नॉर्मन डी ब्रुइन

विमानाचे भाग जोडायचे तर रिव्हेट मारायचे किंवा बोल्ट आवळायचे, ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अभियंत्यांची पक्की समजूत होती. सरस हा सुताराचा विषय मानला जाई. या समजुतीला ज्यांनी सर्वात जोराचा धक्का दिला, ते डॉ. नॉर्मन एड्रियन डी ब्रुइन अभियंते नव्हते, तर भौतिकशास्त्रज्ञ होते. ८ नोव्हेंबर १९०४ रोजी चिलीच्या दक्षिण टोकाजवळील पुन्ता अरेनास येथे त्यांचा जन्म झाला. वडील डच, आई इंग्रज. शिक्षण केम्ब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले आणि संशोधन रदरफोर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. १९२८ मध्ये ते ट्रिनिटीचे फेलो झाले. अणुविज्ञानाच्या त्या सुवर्णकाळात अशी जागा सोडण्याचे कारण कुणालाही दिसले नसते. पण १९२९ मध्ये डी ब्रुइन विमान चालवायला शिकले आणि त्यांच्या आयुष्याने वळण घेतले.

१९३१ मध्ये त्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली. ‘एरो रिसर्च’ या नावाने ती पुढे डक्सफर्ड येथे नावारूपाला आली. प्लायवूडच्या कवचाचे ‘स्नार्क’ हे चार आसनी विमान त्यांनी स्वतः आखले आणि डिसेंबर १९३४ मध्ये स्वतःच उडवले. विमान हलके आणि मजबूत होते. परंतु लाकडी विमानांची खरी दुखरी नस सांध्यात होती. त्या काळी दुधातील केसीनपासून केलेला सरस सर्रास वापरला जाई. ओल लागली की तो मऊ पडे, त्यावर बुरशी धरे. डी ब्रुइन यांनी १९३७ मध्ये ‘एरोलाइट’ हे युरिया-फॉर्माल्डिहाइडचे चिकटद्रव्य आणले, ते पाण्याला पुष्कळच दाद देईनासे झाले. त्याच सुमारास जवसाच्या धाग्यांना फिनॉलिक रेझिन पाजून त्यांनी ‘गॉर्डन एरोलाइट’ हे संमिश्र द्रव्य तयार केले. अॅल्युमिनियम तुटवड्याच्या भीतीपोटी स्पिटफायरचा सांगाडा त्यातून प्रायोगिक म्हणून बनवण्यातही आला. तुटवडा आला नाही आणि तो प्रयोग तिथेच थांबला. आजच्या कार्बन धाग्यांच्या विमानांचे मूळ शोधणाऱ्याने मात्र या जवसाच्या सांगाड्यापाशी थांबायला हवे.

१९४१ मध्ये जॉर्ज न्यूवेल या सहकाऱ्यासह त्यांनी ‘रीडक्स’ सिद्ध केले. रीसर्च आणि डक्सफर्ड या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव बनले. धातूला फिनॉलिक द्रव लावायचा, त्यावर पॉलिव्हिनाइल फॉर्मलची पूड भुरभुरायची आणि उष्णता व दाब द्यायचा, अशी ही कृती. फिनॉलिक रेझिन कडक पण ठिसूळ असते. पुडीने त्याला चिवटपणा आला. धातूला धातू खात्रीने चिकटवणे प्रथमच शक्य झाले. १९४४ मध्ये उडालेल्या हॉर्नेट विमानात लाकूड आणि अॅल्युमिनियम याच रीडक्सने एकत्र आणले.

पण चिकटद्रव्य चांगले म्हणून सांधा चांगला, असे होत नाही. हे गणिताने मांडणे ही डी ब्रुइन यांची दुसरी मोठी कामगिरी. दोन पट्ट्या एकमेकींवर चढवून चिकटवल्या आणि ओढल्या, तर ताण सर्व सांध्यावर सारखा पसरत नाही. तो दोन्ही टोकांशी दाटतो आणि मधला भाग जवळजवळ रिकामा बसून राहतो. त्यामुळे चढ दुप्पट केला तरी बळ दुप्पट होत नाही. १९४४ मध्ये त्यांनी पत्र्याच्या जाडीचे वर्गमूळ भागिले चढाची लांबी, असा सोपा गुणक सुचवून आखणी करणाऱ्यांच्या हाती मोजमाप दिले. पुन्हापुन्हा येणाऱ्या भारांखाली भेग पडते, तीही बहुधा या टोकांपासूनच. आणि पट्टी सोलली जाईल असा भार तर चिकटवलेल्या सांध्याचा वैरीच.

याच वर्षाने सांध्याची किंमत भारत आणि ब्रह्मदेशाच्या आकाशात दाखवून दिली. लाकडी मॉस्किटो विमानांचे पंख उड्डाणात उकलू लागले, वैमानिक दगावले आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये इथली मॉस्किटो जमिनीवर उतरवावी लागली. प्रथम संशय उष्ण-दमट हवेवर गेला. पुढील चौकशीत मात्र दोष कारखान्यातील जोडणीत निघाला. जी विमाने मोसमी पावसाला सामोरीच गेली नव्हती, त्यांतही तेच दोष आढळले. चिकटवलेल्या सांध्याचे हे दुखणे आहे : तो आत कसा आहे हे बाहेरून दिसत नाही.

रिव्हेटचे दुखणे वेगळे. छिद्र पाडले की त्याच्या कडेशी ताण एकवटतो. १९५४ मध्ये दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रावर कोसळली. त्यांच्या चौकशीत धातूच्या थकव्याचा निष्कर्ष निघाला आणि भेगेचा उगम छतातील खिडकीजवळच्या छिद्राच्या कडेशी सापडला. याच कॉमेटमध्ये आवरणाच्या पत्र्याला आतील पट्ट्या रीडक्सने चिकटवल्या होत्या. छिद्रे कमी असली तर थकवा उशिरा येतो, हे फोकर कंपनीने ओळखले. इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात अनेक वर्षे राहिलेल्या फोकर फ्रेंडशिप विमानांत धातू चिकटवण्याचे हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर होते. आजही संमिश्र द्रव्यांच्या प्रवासी विमानांत महत्त्वाच्या सांध्यांना चिकटद्रव्याबरोबर बोल्टही दिले जातात. सांधा न मोडता त्याचे बळ तपासण्याची खात्रीची रीत अजून हाती आलेली नाही.

युद्धानंतर एरो रिसर्च ही स्विस ‘सिबा’ कंपनीकडे गेली. सिबाच्याच ‘अॅरल्डाइट’चे उत्पादन डक्सफर्डला सुरू झाले. घराघरातल्या दोन नळ्यांच्या या चिकटद्रव्याचा भारतीय व्यवसाय २०२० मध्ये मुंबईच्या पिडिलाइटने घेतला. डी ब्रुइन यांनी पुढे प्रयोगशाळेच्या उपकरणांची ‘टेक्ने’ ही कंपनी उभारली आणि ते अमेरिकेत प्रिन्स्टनला स्थायिक झाले. १९६७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. ७ मार्च १९९७ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.