मेजर ध्यानचंद

विजयी वीरास पाहावयास सारें शहर लोटतें. परंतु तो मोहिमेवर निघतो, त्या दिवशीं त्यास निरोप द्यावयास कितीजण येतात? मार्च १९२८ मध्यें हिंदुस्थानचा हॉकी संघ ऑलिंपिक सामन्यांसाठीं मुंबईहून बोटीनें निघाला, तेव्हां अवघीं तीन माणसें त्यास पोंचवावयास आलीं होतीं. त्यापूर्वींच मुंबईच्या संघानें त्यास दोन विरुद्ध तीन गोलांनीं हरविलें होतें. तेव्हां हे परदेशीं काय दिवे लावणार, असें लोकांस वाटलें असल्यास नवल नाहीं! कांहीं महिन्यांनीं तोच संघ परतला, तेव्हां त्याच मुंबईच्या बंदरावर माणसांचा पूर लोटला. त्या संघांत लष्करांतील एक बावीस वर्षांचा तरुण होता. त्याचेंच चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

ध्यानचंदांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजीं प्रयाग येथें झाला. वडील लष्करांत असल्यामुळें वारंवार बदल्या होत व मुलाचें शिक्षण मध्येंच राहिलें. पुढें हें कुटुंब झाशीस स्थायिक झालें. बालपणीं ध्यानचंदांना हॉकीची विशेष गोडी नव्हती. १९२२ सालीं ते सैन्यांत दाखल झाले आणि तेथें सुभेदार-मेजर तिवारी यांनीं त्यांस या खेळाचे पहिले धडे दिले. दिवसाचें काम आटोपल्यावर ते चांदण्यांत एकटेच काठीनें चेंडू घोळवीत, असें सांगतात. तेथें टाळ्या वाजविणारा कोणी नव्हता.

या तपाचें फळ अॅम्स्टरडॅम येथें दिसलें. पांच सामन्यांत हिंदी संघानें २९ गोल केले व स्वतःवर एकही होऊं दिला नाहीं. त्यांपैकीं १४ गोल एकट्या ध्यानचंदांचे होते. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें त्यांचे धाकटे बंधु रूपसिंग हेही त्यांच्यासमवेत खेळले व अमेरिकेच्या संघाचा २४ विरुद्ध १ असा पाडाव झाला. १९३६ सालीं बर्लिन येथें ध्यानचंद संघाचे नायक झाले. परंतु सरावाच्याच सामन्यांत जर्मनांनीं त्यांस ४ विरुद्ध १ असें हरविलें. हा पराभव सर्वांच्या जिव्हारीं लागला. कोणास दोष न देतां ते पुनः तयारीस लागले आणि १५ ऑगस्ट रोजीं अंतिम सामन्यांत त्याच जर्मनांवर त्यांनीं ८ विरुद्ध १ असा विजय मिळविला.

१९५६ सालीं ते मेजर म्हणून निवृत्त झाले. त्याच वर्षीं त्यांस पद्मभूषण हा बहुमान मिळाला. तथापि त्यांचे अखेरचे दिवस ओढग्रस्तींत गेले. ३ डिसेंबर १९७९ रोजीं दिल्लीस रुग्णालयांत, सामान्य रुग्णांच्या दालनांत, त्यांचा अंत झाला. झाशीच्या ज्या मैदानावर ते खेळले, तेथेंच त्यांस अग्नि देण्यांत आला. २०१२ पासून त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळला जातो.

लोकांची स्तुति भरती-ओहोटीसारखी असते. ती कधीं येईल व कधीं ओसरेल, याचा नेम नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनीं बंदरावरील गर्दीकडे न पाहतां त्या चांदण्यांतील एकाकी सरावाकडे पाहावें. आणि पालकांस आमची विनंती इतकीच कीं, मूल यश घेऊन घरीं येतें त्या दिवशीं तर सारेच येतात. तें प्रथम घराबाहेर पडतें त्या दिवशीं निरोप द्यावयास येणाऱ्या तिघांत आपण असावें.