हेन्री डार्सी: एअर प्युरिफायरच्या घड्यांमागचा नियम

दमा किंवा सीओपीडीच्या रुग्णासाठी घरात एअर प्युरिफायर घेतला असेल, तर त्याचा फिल्टर एकदा पाहा. आतले कापड सपाट नसते. त्याला बारीक घड्या असतात. या घड्या का लागतात, हे समजते ते फ्रेंच अभियंते हेन्री डार्सी यांच्या नियमामुळे.

डार्सींचा जन्म १० जून १८०३ रोजी फ्रान्समधील दिजाँ शहरात झाला. ते १४ वर्षांचे असताना वडील वारले. त्या काळी दिजाँतील लोक विहिरींचे दूषित पाणी पीत. अभियंता झाल्यावर डार्सींनी १८४० मध्ये सुमारे १२ किलोमीटरवरील झऱ्याचे स्वच्छ पाणी झाकलेल्या कालव्यातून शहरात आणले. या कामाचे मानधन त्यांनी घेतले नाही.

पुढे प्रकृती खालावल्याने त्यांना नोकरी सोडावी लागली. तरीही १८५५-५६ मध्ये दिजाँच्या रुग्णालयाच्या आवारात त्यांनी वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून मोजमापे घेतली. थर जाड केला की प्रवाह कमी होतो. क्षेत्रफळ किंवा दाब वाढवला की प्रवाह वाढतो, असे त्यांना आढळले. १८५६ मध्ये त्यांनी हा नियम प्रसिद्ध केला. ३ जानेवारी १८५८ रोजी न्यूमोनियाने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

डार्सींनी प्रयोग पाण्यावर केले, पण फिल्टरमधून संथ जाणाऱ्या हवेलाही हाच नियम लागू पडतो. घड्या घातल्याने त्याच चौकटीत कितीतरी जास्त कापड मावते. हवा मोठ्या क्षेत्रफळावर विभागली जाऊन कापडातून हळू जाते, त्यामुळे अडथळा कमी होतो. मात्र घड्या फार दाटीने घातल्या, तर त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून जाताना हवा अडते.

धूळ साचली की अडथळा वाढतो. पंखा चालू दिसतो, पण खोलीतील स्वच्छ हवा कमी होते. म्हणून:

• फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. धूळ जास्त असल्यास त्याआधीच.
• जास्त गाळले जाईल या समजुतीने फिल्टरवर जादा कापड लावू नका.
• धुण्यायोग्य असे लिहिलेले नसेल, तर फिल्टर धुऊ नका.

मास्कलाही हेच लागू होते. एकावर एक मास्क घातल्यास श्वासाला जास्त जोर लावावा लागतो. मास्कमुळे धाप लागत असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोला. प्युरिफायर आहे म्हणून इनहेलर किंवा औषधे बंद करू नका.