पाळक ओबर्लिन व विणकामाच्या शाळा

यापो गावच्या टबीथेने गरीब विधवांसाठी शिवलेले अंगरखे व वस्त्रे बायबल वाचणाऱ्या सर्वांस ठाऊक आहेत. सुई व धागा यांनीही प्रभूची सेवा घडते, हे मंडळी तेव्हापासून जाणून आहे. परंतु दोन सुया व लोकरीचा एक गुंडा यांच्या योगाने डोंगरातील पाच खेड्यांच्या लेकरांस विद्येचा मार्ग मोकळा झाला, ही हकीकत पुष्कळ वाचकांच्या कानी आली नसेल. ती पाळक जॉन फ्रेडरिक ओबर्लिन यांच्या चरित्रात आहे.

ओबर्लिन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी फ्रान्स देशाच्या आल्सास प्रांतातील स्ट्रासबुर्ग शहरी झाला. त्यांचे वडील तेथील विद्यालयात शिक्षक होते. ईश्वरविद्येचा अभ्यास पुरा केल्यावर ते शहरात एका लहानशा माडीवर अत्यंत साधेपणाने राहत होते. १७६७ साली श्टुबर नावाचे वृद्धिंगत अनुभवाचे पाळक आपल्या जागी येण्यास योग्य मनुष्य शोधीत तेथे आले. त्यांची मंडळी व्होज पर्वतातील बान द ला रोश या खोऱ्यात होती. वाल्डर्सबाख हे मुख्य गाव, आणि फूदे, बेलमाँ, बेलफॉस व सोलबाख ही सभोवारची. जमीन खडकाळ, हिवाळा दीर्घ, वाटा अशा की बर्फ पडले म्हणजे जगाशी संबंध तुटे. शहरातील सुखाची जागा सोडून तेथे कोण जाणार? ओबर्लिन गेले, आणि पुढे ५९ वर्षे, मरेपर्यंत, तेथेच राहिले.

त्या खोऱ्यातील शिक्षणाची दशा कशी होती, याविषयी श्टुबर यांच्या वेळची एक गोष्ट सांगतात. ते प्रथम गावची शाळा पाहण्यास गेले, तेव्हा एका झोपडीत मुलांचा गोंगाट चालला होता व एक म्हातारा खाटेवर पडला होता. तोच शिक्षक. चौकशी केली तेव्हा कळले की, तो काही शिकवीत नाही, कारण त्याला स्वतःलाच काही येत नाही. पूर्वी तो गावची डुकरे राखीत असे. ते काम होईना, म्हणून गावाने त्याजकडे मुले सोपविली. श्टुबर यांनी ही स्थिती सुधारण्यास आरंभ केला, व ओबर्लिन यांनी ते काम पुढे नेले. त्यांनी नव्या शाळा बांधविल्या व शिक्षक तयार केले. तथापि शाळेत जाण्याच्या वयाची नव्हेत अशी लहान लेकरे तशीच राहिली. आईबाप शेतावर जात, आणि ती लेकरे दिवसभर चिखलात किंवा थंडीत वाऱ्यावर सोडलेली असत.

या अडचणीवर उपाय ओबर्लिन यांनी स्वतः शोधून काढला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बेलमाँ गावी सारा बान्झे नावाची एक शेतकऱ्याची तरुण मुलगी होती. ती गावातील लेकरांस आपल्या घरी जमवून विणकाम शिकवीत असे. तिला कोणी नेमले नव्हते, आणि त्याबद्दल तिला एक पैसाही मिळत नव्हता. हे ओबर्लिन यांच्या कानी आले. दुसरा एखादा विद्वान पाळक हे बायकांचे किरकोळ काम समजून पुढे गेला असता. ओबर्लिन थांबले. आपण ज्याच्या शोधात आहो ते या मुलीने आधीच आरंभिले आहे, हे त्यांनी ओळखले. साराच्या बापास मात्र ही गोष्ट प्रथम रुचली नाही. ओबर्लिन यांनी त्याची समजूत घातली, आणि १७६९ साली तिला रीतसर पगारावर नेमले.

मग एकेका गावी अशी जागा भाड्याने घेण्यात आली. त्या देशी शेगडीने ऊब दिलेल्या खोलीस शेगडी असेच म्हणत. त्यावरून या शाळांस विणकामाच्या शेगड्या असे नाव पडले. भर हिवाळ्यात लेकरांस ऊब मिळे, हाही लहान लाभ नव्हता. शिकविणारी बाई मध्ये बसे व मुले तिच्या भोवती. अगदी धाकटी खेळत असत. जरा मोठी झालेली सुया हाती घेऊन टाके घालण्यास शिकत. विणकामाचा गुण असा आहे की, एकदा हाताला वळण पडले म्हणजे डोळे व कान मोकळे राहतात. हात सुलट व उलट टाके घालीत असता बाई शास्त्रातील गोष्टी सांगे, चित्रे दाखवी, गीते शिकवी. रानातील झाडपाल्याची नावे व गुण ती सांगे. नकाशावर आधी आपले खोरे, मग आपला देश, मग सारे जग दाखवी. त्या खोऱ्याची बोली निराळी होती. शुद्ध फ्रेंच भाषा मुलांच्या कानावर येथेच प्रथम पडे.

गरिबाच्या घरी विद्येचे फळ लवकर दिसत नाही, म्हणून आईबाप मुलास शाळेतून काढतात, हा अनुभव सर्व देशांचा आहे. परंतु लोकरीचा मोजा डोळ्यांस दिसतो व पायांत घालता येतो. मुलाने स्वतःच्या हाताने विणून आणलेला मोजा म्हाताऱ्या आजीच्या पायांत गेला म्हणजे त्या घरात शाळेविषयी कोण तक्रार करील? टाका सुटला तर मागे जाऊन तो उचलावा लागतो, नाहीतर सारे काम उसवते. धीराचा हा धडाही सुयाच देतात.

सारा १७७४ साली, तिशीच्या आतच, मरण पावली. पण काम थांबले नाही. ओबर्लिन यांची पत्नी सालोमे शिकविणाऱ्या बायांवर देखरेख करीत असे. बेलफॉस गावची लुईझ शेपलर ही वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी पाळकाच्या घरी चाकरीस आली व याच कामात शिरली. १७८३ साली सालोमे लहान लेकरे मागे ठेवून वारली, तेव्हा विशीतल्या लुईझने घर व शाळा ही दोन्ही ओझी उचलली. डोंगरातील बर्फ तुडवीत ती गावोगाव जाई. १७९३ साली तिने धन्यास पत्र लिहून विनंती केली की, यापुढे आपणास पगार न देता पोटच्या मुलीप्रमाणे वागवावे. ओबर्लिन यांनी ती मान्य केली.

ओबर्लिन यांची इतर कामेही थोडी नव्हती. त्यांनी स्वतः कुदळ घेऊन लोकांबरोबर रस्ता केला व ब्रूश नदीवर पूल बांधविला. बटाट्याचे बियाणे सुधारले, आणि गरिबांसाठी कर्जाऊ रकमेचा फंड काढला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली त्यांस काही काळ कैदही सोसावी लागली. पुढे यंत्रांमुळे हाताने सूत कातण्याचा धंदा बुडाला, तेव्हा १८१३ च्या सुमारास लग्रां नावाचे कारखानदार त्यांच्या खोऱ्यात आले व रेशमी फिती विणण्याचे काम घरोघर देऊ लागले. विणण्याची सवय लागलेल्या हातांस हे नवे काम अवघड गेले नसावे.

१ जून १८२६ रोजी ओबर्लिन प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाले. फूदे येथे त्यांची कबर आहे, आणि वाल्डर्सबाख येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. अमेरिकेत १८३३ साली स्थापन झालेल्या एका विद्यालयासही त्यांचे नाव देण्यात आले. १८२९ साली फ्रेंच अकादमीने लुईझ शेपलरला ५००० फ्रँकांचे सद्गुणाचे पारितोषिक दिले. ती १८३७ साली वारली. जर्मनीत फ्रोबेल यांचे बालशिक्षणाचे काम त्याच सुमारास आरंभले. तत्पूर्वी सुमारे सत्तर वर्षे या खोऱ्यात एका शेतकऱ्याच्या मुलीने लेकरांस भोवती बसविले होते.

प्रिय बंधूंनो, आपल्याही गावात एखादी बहीण दाराशी बसून शेजारच्या मुलींस टाके घालण्यास शिकवीत असेल. तिच्याजवळ प्रमाणपत्र नसेल, व मंडळीच्या यादीत तिचे काम कोणी लिहिले नसेल. उपदेशकाने तिच्या अंगणात क्षणभर थांबावे, तिचे काम पाहावे, आणि तिला काय कमी आहे ते विचारावे. ओबर्लिन यांच्या मोठ्या कामाचा आरंभ अशाच थांबण्यात झाला.