जन्मभर विद्यार्थी : विल्यम सीली गॉसेट

पुष्कळ थोर पुरुषांस लोकांनी आचार्य, पंडित अशा पदव्या दिल्या. परंतु ज्याने स्वतःसाठी ‘विद्यार्थी’ हेच नाव पत्करले आणि त्याच नावाने जो सर्व जगात प्रसिद्धीस आला, असा पुरुष विरळाच. आज जेथे जेथे शेती, वैद्यक, रसायन किंवा मानसशास्त्र ह्यांत संशोधन चालते, तेथे तेथे नवशिक्या संशोधकास संख्याशास्त्राच्या आरंभीच्या धड्यांतच ‘स्टुडंट’ची कसोटी शिकावी लागते. ही शाळकरी मुलांकरिता काढलेली एखादी सोपी कसोटी असावी, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः ‘स्टुडंट’ हे एका गृहस्थाचे टोपणनाव आहे. त्या गृहस्थाचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिवाचकांपुढे ठेवीत आहो.

विल्यम सीली गॉसेट ह्यांचा जन्म ता. १३ जून १८७६ रोजी इंग्लंडातील कँटरबरी शहरी झाला. त्यांचे वडील सैन्याच्या इंजिनीअर पथकात कर्नल होते. आपणही त्याच पथकात शिरावे अशी मुलाची फार इच्छा होती, परंतु दृष्टी अधू असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. तेव्हा हताश होऊन न बसता त्यांनी अभ्यासात मन घातले. विंचेस्टर येथील शाळेतून ते ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेले, आणि तेथे १८९७ साली गणिताच्या व १८९९ साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी पहिला वर्ग मिळविला. त्याच साली आयर्लंडातील डब्लिन शहरी गिनेस कंपनीच्या बीअरच्या कारखान्यात त्यांस रसायनशास्त्रज्ञाची जागा मिळाली.

ज्या घरी मद्याचा थेंब शिरत नाही अशा घरांतील आमच्या वाचकांस हे स्थळ रुचणार नाही. आम्हांसही ते रुचत नाही. परंतु ज्ञानाचे बीज कोठे रुजेल ह्याचा नेम नसतो. शिवाय येथे आपला संबंध पेल्याशी नसून जवाच्या शेताशी आणि प्रयोगशाळेशी आहे.

कारखान्यास उत्तम जव हवा असे. कोणते वाण अधिक पिकते, कोणत्या जमिनीत पिकते, हे पाहण्यासाठी प्रयोग होत. पण जवाचे पीक काही रोज निघत नाही. वर्षभर थांबावे तेव्हा चार-दोन आकडे हाती येत, आणि तेही एकमेकांशी जुळत नसत. मग कोणता फरक खरा मानावा आणि कोणता केवळ योगायोगाचा? गॉसेट ह्यांचे गणित बरे आहे हे ठाऊक असल्यामुळे सोबती असले प्रश्न त्यांच्याकडे आणीत. १९०४ साली त्यांनी मालकांस एक अहवाल सादर केला. मोजमापातील चुकांचा जो गणिती नियम आहे तो आपल्या कामास कसा लावता येईल, हे त्यांनी त्यात दाखविले. परंतु आपले ज्ञान येथे अपुरे पडते, तरी एखाद्या गणितज्ञाचा सल्ला घ्यावा, असेही त्यांनी सुचविले. ज्याच्याकडे सगळे उत्तरासाठी पाहतात त्याने आपले अज्ञान कबूल करणे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

त्या काळी संख्याशास्त्रात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक कार्ल पिअर्सन ह्यांचा अधिकार सर्वमान्य होता. १९०५ सालच्या जुलै महिन्यात पिअर्सन सुटीनिमित्त खेड्यात उतरले असता गॉसेट सायकलवर बसून त्यांच्या भेटीस गेले. ती भेट फलदायी झाली. पुढे १९०६-०७ साली कंपनीने गॉसेट ह्यांस लंडनला पाठविले, आणि तिशी गाठलेला, नोकरीत मुरलेला हा गृहस्थ पुन्हा शिकणारा होऊन पिअर्सन ह्यांच्या प्रयोगशाळेत बसू लागला.

येथे एक अडचण उभी राहिली. पिअर्सन ह्यांच्या रीती शेकडो, हजारो मोजमापांसाठी केलेल्या होत्या. गॉसेट ह्यांच्या हाती असत चार किंवा दहा. थोड्या मोजमापांचा प्रश्न गुरूंस फारसा महत्त्वाचा वाटत नव्हता. शिष्याचे मात्र सारे काम त्यावरच अडले होते.

अडचण कशी होती ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, चार ठिकाणी जवाचे जुने व नवे वाण शेजारी शेजारी पेरले, आणि नव्या वाणाने अनुक्रमे २, ५, १ व ४ मण अधिक पीक दिले. सरासरी लाभ ३ मण झाला. पण चारच शेतांवरून काढलेली ही सरासरी कितपत भरवशाची? त्यासाठी आकडे सरासरीपासून किती फाकले आहेत ते पाहतात, आणि शंभरांत पंचाण्णव वेळा बरोबर यावी अशा बेताने एक मर्यादा काढतात. मोठ्या समूहाची रीत येथे लावली, तर खरा लाभ सुमारे १.२ ते ४.८ मणांच्या दरम्यान असावा, असे उत्तर येते. हे पाहून कोणीही म्हणेल की निदान एक मण तरी कोठे गेला नाही. खुशाल साऱ्या तालुक्यासाठी नवे बी घ्यावे!

परंतु ह्यात एक मेख आहे. सरासरी जशी चारच आकड्यांवरून काढलेली, तशी ती फाकसुद्धा त्याच चार आकड्यांवरून काढलेली. चार आकडे योगायोगाने जवळजवळ पडले तर फाक खोटीच लहान दिसते, आणि मनुष्यास नसती खात्री वाटू लागते. म्हणून मोजमापे जितकी थोडी, तितकी मर्यादा अधिक रुंद धरली पाहिजे. किती रुंद, हेच गॉसेट ह्यांनी शोधून काढले. मोठ्या समूहात जेथे १.९६ पट अंतर पुरते, तेथे चार आकड्यांस ३.१८ पट लागते. त्या हिशेबाने वरील उदाहरणातील लाभ सुमारे ०.१ ते ५.९ मण असा येतो, म्हणजे तो जवळजवळ काहीच नसण्याचाही संभव उरतो. आता शहाणा मनुष्य साऱ्या तालुक्यासाठी बी घेण्यापूर्वी आणखी एक हंगाम प्रयोग करील.

केवळ कागदावरील गणितावर विसंबणे गॉसेट ह्यांस मानवले नाही. तीन हजार कैद्यांची उंची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी ह्यांची मापे पूर्वीच छापली गेली होती. ती त्यांनी ३,००० पत्त्यांवर लिहिली, पत्ते नीट पिसले आणि चार-चार पत्त्यांचे ७५० गट केले. प्रत्येक गटाची सरासरी व फाक काढून त्यांनी आपले सूत्र पडताळून पाहिले. त्या काळी गणकयंत्रे आजच्यासारखी नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या कामास किती चिकाटी लागली असेल ते समजेल.

हे संशोधन १९०८ साली पिअर्सन ह्यांच्या ‘बायोमेट्रिका’ ह्या नियतकालिकात छापले गेले. परंतु लेखकाचे नाव त्यावर नव्हते. धंद्यातील गुपिते बाहेर जाऊ नयेत म्हणून नोकरांनी स्वतःच्या नावाने काही छापू नये, असा कंपनीचा दंडक होता. म्हणून गॉसेट ह्यांनी ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, ही सही घेतली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही.

त्यांच्या सूत्राचा काही भाग अनुमानाने बसविलेला होता. पुरी सिद्धता त्यांस देता आली नव्हती. १९१२ साली केंब्रिजच्या रोनाल्ड फिशर नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने ती सिद्धता लिहून त्यांस पाठविली. गॉसेट ह्यांस त्यातील गणित नीटसे उमगले नाही. तेव्हा त्यांनी ते दडपून न ठेवता पिअर्सन ह्यांच्याकडे पाठविले, आणि आपणांस हे समजत नाही असे मोकळेपणी कळविले. पुढे हाच फिशर त्या शास्त्राचा अग्रणी झाला. संशोधकांकरिता लिहिलेल्या आपल्या १९२५ सालच्या ग्रंथात त्याने ‘स्टुडंट’ची कसोटी घातली आणि ती देशोदेशी गेली. पिअर्सन व फिशर ह्यांचे पुढे हाडवैर झाले. परंतु गॉसेट ह्यांचा स्नेह दोघांशीही शेवटपर्यंत टिकला. आपली कोष्टके बहुधा एकट्या फिशर ह्यांच्याच उपयोगी पडतील, असे १९२२ साली ह्या निगर्वी पुरुषास वाटत होते!

ती कोष्टके आपल्या देशातही आली. सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे ह्या दोघा महाराष्ट्रीयांनी शेतीच्या संशोधकांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते १९५४ साली प्रसिद्ध केले, आणि पुढे कित्येक वर्षे शेतकी संशोधक त्यावरून हे शास्त्र शिकले.

गॉसेट ह्यांनी गिनेस कंपनीची नोकरी अखेरपर्यंत केली. फावल्या वेळात ते बागकाम करीत, मासे धरीत आणि होड्या बांधीत. १९३५ साली ते कंपनीच्या लंडन येथील नव्या कारखान्यावर गेले, आणि ता. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, चार गोष्टी पाहून शंभरांचा निवाडा करण्याची खोड आपणां सर्वांस असते. एखाद्या गावची दोन माणसे भेटली की सारा गाव तसाच ठरतो; एका परीक्षेत मुलगा मागे पडला की घरची मंडळी त्यास मंद ठरवितात. थोडे पाहून काहीच बोलू नये, असे गॉसेट ह्यांनी सांगितले नाही, कारण जगात बहुतेक कामे थोड्याशाच माहितीवर करावी लागतात. त्या थोड्याशा माहितीवर किती बोलावे, एवढेच त्यांनी मोजून दाखविले. हे माप ज्याच्या मनात सदैव जागे राहील, त्यानेच ‘विद्यार्थी’ ही सही खुशाल करावी.