हॉस्टेल बांधणारा राजा

मी मूळचा मोहर्लीचा. ताडोब्याचं गेट आणि इरई धरणाचं पाणी बघत लहानाचा मोठा झालो, पण शिकलो चंद्रपूरला कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे राजा म्हटलं की हत्ती, शिकार आणि दरबार एवढंच डोळ्यांसमोर यायचं. आज ज्या राजाबद्दल लिहितोय, त्यालाही शिकारीचा भारी शौक होता. पण मला तो भावला दोन गोष्टींमुळे, एक म्हणजे धरण आणि दुसरी म्हणजे हॉस्टेल. ते म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज.

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. नाव यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा वय होतं अवघं नऊ वर्षं. शिक्षण राजकोटला आणि नंतर धारवाडला, फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली झालं. 2 एप्रिल 1894 ला राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला. अर्थात वर इंग्रज सरकार होतंच आणि त्याचा पोलिटिकल एजंट लक्ष ठेवून असायचा. इंग्रजांशी उघड भांडण काढलं असतं तर गादीच गेली असती. म्हणून त्यांनी त्यांच्याशी जुळवून घेतलं. यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. पण हातात असलेल्या अधिकाराचा उपयोग त्यांनी कोणासाठी केला, ते बघा.

कारभार हाती आला तेव्हा संस्थानातल्या वरच्या 71 जागांपैकी 60 जागांवर एकाच जातीचे लोक होते. बाकीच्यांना शिक्षणच नाही, मग नोकरी कुठून मिळणार? खेड्यातल्या पोराला शाळा गावात नाही, आणि कोल्हापुरात राहायला जागा नाही. महाराजांनी नेमका हा प्रॉब्लेम ओळखला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली.

26 जुलै 1902 ला, ते स्वतः इंग्लंडमध्ये असताना, संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम निघाला. आपल्या मेसमध्ये जेवताना कॅटेगरीवरून जो वाद रंगतो ना, त्याची सुरुवात किती जुनी आहे बघा! माझ्या शेजारच्या खोलीतला गडचिरोलीच्या आतल्या गावातला मित्र अशा वेळी गप्प बसतो. वाद घालणाऱ्यांनी 71 पैकी 60 हा आकडा एकदा लक्षात घ्यावा, एवढीच विनंती.

1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा 1919 मध्ये बंद करून सगळी मुलं एकत्र बसवली. गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा महाराज तिथे जाऊन सगळ्यांसमोर चहा प्यायले. 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व लोकांपुढे मांडलं. त्याच वर्षी आपल्या नागपुरात भरलेल्या बहिष्कृत परिषदेचे तेच अध्यक्ष होते.

आता सिव्हिलवाल्यांसाठी. भोगावती नदीवर राधानगरी धरण बांधायचं त्यांनी 1907 मध्ये ठरवलं. पैसा संस्थानाचा आणि पाणी शेतकऱ्याचं. त्यांच्या हयातीत ते पूर्ण झालं नाही, स्वातंत्र्यानंतर झालं. आज त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी वाढली की आपोआप उघडतात, आणि पावसाळ्यात त्याची बातमी हमखास येते. बाजूच्या दाजीपूरच्या जंगलात महाराज शिकार करायचे. तिथे आता अभयारण्य आहे आणि आमच्या ताडोब्यासारखेच गवे फिरतात.

6 मे 1922 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय फक्त 47.

मित्रांनो, धरण अर्धं राहिलं तरी पुढचे लोक ते बांधून काढतात. तसंच या कामाचंही आहे. आपल्या हॉस्टेलमध्ये पहिल्यांदाच घर सोडून आलेला, इंग्रजी ऐकून बिचकणारा एखादा फर्स्ट इयरचा पोरगा असतोच. त्याला मेसमध्ये आपल्या टेबलावर बोलवा. त्याला एम-वन समजावून सांगा. त्यासाठी राजा असण्याची गरज नाही.